उजवीकडचं पान

वही साधी, दोनशे पानी, एकेरी रेघांची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी चार गोष्टी लिहा. जाग किती वाजता आली, सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागला, सूज कुठे कुठे आहे, आणि दुखणं शून्य ते दहा या मापात किती. पुढच्या भेटीला वही सोबत आणा.

मी डावीकडच्या पानावर लिहायला लागले. त्यामागे काही योजना नव्हती. नव्या वहीत उजव्या बाजूला पानांचा जाड गठ्ठा असतो, डावीकडे लिहिताना मनगट त्यावर टेकवता येतं. तेवढंच त्या दिवसांत जमत होतं. उजवीकडचं पान कोरं राहत गेलं.

ती डावी पानं मी अजून जपून ठेवली आहेत. ‘५.४०. दोन तास दहा मिनिटं. दोन्ही मनगटं, उजव्या हाताची मधली दोन बोटं, डावा गुडघा. ७.’ दुसऱ्या दिवशी, ‘४.१५. अडीच तास. तेच सगळं, शिवाय जबडा. ८.’ अक्षर माझं आहे हे सांगावं लागतं. मी शिक्षिका आहे. बावीस वर्षं फळ्यावर लिहिलं, वर्गातल्या मुली माझं अक्षर गिरवायच्या. त्या पानांवरची अक्षरं मात्र ओल्या कागदावर लिहिल्यासारखी फिसकटलेली आहेत.

आजाराचं नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत आमवात. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या आतल्या नाजूक अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि वेळेवर आवर घातला नाही तर कूर्चा आणि हाड दोन्ही झिजवतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दोन ते तीन पट जास्त आढळतो. मला हे नाव मिळायला चौदा महिने लागले. तोवर कुणी वजनाला दोष दिला, कुणी वयाला, कुणी ताणाला. एका दवाखान्यात तर ‘मनावर घेताय तुम्ही’ असं सांगून परत पाठवलं. त्या चौदा महिन्यांत दोन बोटांच्या सांध्यांचं जे नुकसान झालं ते भरून येणारं नाही. मला त्याचा राग आहे, आणि कृतज्ञतेबद्दल लिहायला बसले म्हणून तो मी पुसून टाकणार नाही.

या आजारातली सकाळ वेगळी असते. सूज वाढवणारी काही प्रथिनं शरीरात रात्रभर वाढत जातात. त्यातलं एक, इंटरल्यूकिन-६, पहाटे शिगेला पोचतं. सूज उतरवणारं शरीराचं स्वतःचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, त्याच सुमाराला वाढतं, पण पुरं पडत नाही. म्हणून इतर सगळे जेव्हा झोपेत असतात तेव्हा माझे सांधे सिमेंट ओतल्यासारखे होतात. हे मला पुष्कळ नंतर कळलं. कळल्यावर आखडलेपण एका मिनिटानंही कमी झालं नाही, पण पहाटे पडल्या पडल्या ‘आपलंच काहीतरी चुकतंय’ असं वाटणं थांबलं. तोही दिलासा मोठा होता.

अशाच एका पहाटे मला तहान लागली. उशाशी पाण्याची बाटली होती. बाटलीचं झाकण फिरवणं म्हणजे त्या काळात डोंगर हलवण्यासारखं. नवरा शेजारी झोपलेला, त्याला त्या आठवड्यात चौथ्यांदा उठवायचं जिवावर आलं. दोन्ही तळहातांच्या मध्ये झाकण धरलं, दात आवळले आणि फिरवलं. ते लगेच निघालं. नुसतं ठेवल्यासारखं होतं.

आधी वाटलं, कुणीतरी नीट लावायचं विसरलं असेल. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर बरण्यांची झाकणंही तशीच. न्हाणीघरातल्या बाटल्यांचीही. औषधाच्या डबीचं झाकणसुद्धा एक आटा सोडून ठेवलेलं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. रात्री सगळे झोपायला गेले की ती घरभर फिरून एकेक झाकण सैल करून ठेवायची. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मीही तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती लाजली असती, आणि मी रडले असते.

त्या दिवशी डाव्या पानावर नेहमीचं लिहून झालं. दुखणं आठ. मग पेन उचलून उजवीकडे नेलं आणि लिहिलं, ‘झाकणं सैल होती.’

उजव्या पानावरची ती पहिली ओळ. मी काही साधना सुरू केली नव्हती, कुणाचं व्याख्यान ऐकलं नव्हतं. एवढंच जाणवलं, की डावीकडे ‘८’ लिहून वही मिटली असती तर त्या सकाळचा हिशेब अर्धाच राहिला असता. आठ खरं होतं. झाकणंही खरी होती.

*

आजारी माणसाला ‘सकारात्मक राहा’ हे वाक्य किती वेळा ऐकावं लागतं, याची मोजदाद नाही. सांगणाऱ्यांचं प्रेम खोटं नसतं. पण त्या वाक्याच्या पोटात एक दुसरं वाक्य दडलेलं असतं: तू हसत राहिलीस तर बरी होशील. आणि त्याच्याही पोटात तिसरं: बरी झाली नाहीस तर तू पुरेशी हसली नसशील. रक्तातली सूज मोजणाऱ्या तपासण्या, ईएसआर आणि सीआरपी, वाढलेल्या आल्या की मी खरंच विचार करायचे, गेल्या आठवड्यात मी चिडले होते, त्यामुळे तर नसेल? दुखण्यावर हा अपराधीपणाचा भार कशासाठी, हे मला त्या वेळी कुणी विचारलं नाही.

माझ्या मानेवरचं ते ओझं उतरवलं एका अभ्यासानं, आणि तोही माझ्या आजारावरचा नव्हता. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. मन:स्थिती चांगली असण्याचा आणि जास्त जगण्याचा काही संबंध आहे का, हा प्रश्न होता. अभ्यासाच्या काळात त्यांतले ६४६ जण गेले. मन:स्थितीचा आयुष्याच्या लांबीशी संबंध आढळला नाही. जे गेले ते मनानं कमी पडले म्हणून गेले नाहीत.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आशेला अर्थ काय उरला? मला उलट वाटलं. मला पहिल्यांदा आशा मोकळी दिसली. तिच्याकडून आजार बरा करण्याचं काम काढून घेतलं की ती तिचं स्वतःचं काम करायला रिकामी होते. त्या दिवसापासून मी हसले तर हसू आलं म्हणून हसते, सीआरपी उतरावा म्हणून नाही. चिडले तर चिडते. औषध त्याचं काम करतं, मी माझं.

मग उजव्या पानाचं काम काय? याचं उत्तर मी जरा उशिरा शोधलं, आणि त्यात थोडी चुकलेही.

पहिली ओळ लिहिल्यावर मला उत्साह आला. रोज लिहायचंच असं ठरवलं. पाच गोष्टी, आकडे घालून. दोन आठवड्यांत ते पान गृहपाठासारखं झालं. ‘सूर्यप्रकाश. घर. कुटुंब. डोळे चांगले आहेत. पंखा चालू आहे.’ लिहिताना आत काहीही हलत नव्हतं. शिक्षिका असल्यानं मला ते लगेच ओळखता आलं. मुलं निबंध पाठ करून उतरवतात तेव्हा वहीचं पान असंच दिसतं, स्वच्छ आणि रिकामं.

कृतज्ञतेच्या नोंदींवर ज्या अभ्यासाचा उल्लेख सगळ्यात जास्त होतो तो रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो यांचा, २००३ सालचा. त्यात एक गट चेता-स्नायूंचे आजार असलेल्या माणसांचा होता, म्हणून मी तो लक्ष देऊन वाचला. २१ दिवस रोज नोंदी करणाऱ्या या माणसांना झोप जास्त मिळाली, येणाऱ्या आठवड्याकडे ती अधिक उमेदीनं बघू लागली आणि इतरांशी जोडलेलं असल्याची भावना वाढली. दुसरं एक निरीक्षण मात्र माझ्या अनुभवाशी जास्त जुळलं. सोनिया ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात सहा आठवडे काही विद्यार्थ्यांनी अशा नोंदी आठवड्यातून एकदा केल्या, काहींनी तीनदा. समाधान वाढलं ते एकदा लिहिणाऱ्यांचं. रोज तेच तेच मोजायला लागलं की मनाला त्याची सवय होते आणि मोजणं कोरडं पडतं.

मी मेथोट्रेक्सेट घेते. ही गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. माझा वार मंगळवार. तेव्हापासून उजवं पानही मंगळवारी रात्री, गोळी घेतल्यावर. डावं रोज, उजवं मंगळवारी. आठवडाभर मनात काय काय साठतं आणि मंगळवारपर्यंत त्यातलं काय टिकतं, हे पाहण्यात एक वेगळंच सुख आहे. सूर्यप्रकाश टिकत नाही. ‘गुरुवारी लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईंनी माझे हात पाहिले आणि न विचारता बटण दाबलं, वर चौकशी केली नाही’, हे टिकतं. चौकशी न करणं ही किती मोठी मदत असते, हे ज्याचे हात लोकांच्या नजरेत येतात त्यालाच कळतं.

*

मेथोट्रेक्सेटबद्दल अजून थोडं सांगायचं आहे, कारण कृतज्ञता हा शब्द माझ्यासाठी घराबाहेर पडला तो या गोळीमुळे.

डबीतली माहितीची घडी मी पहिल्यांदा उलगडली तेव्हा हे कर्करोगाचं औषध आहे असं वाचून हातपाय गळाले होते. डॉक्टरांनी समजावलं, कर्करोगात मोठी मात्रा देतात, सांध्यांसाठी अगदी थोडी, आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड. पण मला नुसतं समजावणं पुरेसं वाटत नव्हतं. ही गोळी माझ्यापर्यंत आली कशी, ते मी शोधत गेले.

गोष्ट अलीकडची आहे. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच या डॉक्टरांच्या लक्षात आलं की आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि सांध्यांचं दुखणं ओसरलं. पुढे त्यांना गरोदर स्त्रियांमध्येही तसंच दिसलं. म्हणजे शरीरातच असं काहीतरी तयार होत असलं पाहिजे जे ही आग विझवतं. ते काय, हा प्रश्न त्यांनी जवळजवळ वीस वर्षं धरून ठेवला. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनी वेगळं काढलेलं एक द्रव्य, पुढे ज्याला कॉर्टिसोन म्हटलं गेलं, ते सप्टेंबर १९४८ मध्ये पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णाला दिलं. ती एकोणतीस वर्षांची स्त्री होती, आजारानं अंथरुणाला खिळलेली. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि याच विषयावर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ ताडेऊश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

मग दुसरी बाजू उघड झाली. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिलेलं कॉर्टिसोन हाडं ठिसूळ करतं, चेहरा सुजवतं, साखर वाढवतं. जादूवर विश्वास ठेवलेल्यांचा पार हिरमोड झाला असणार. आमवातावर मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये. सांध्यांच्या सुजेतला नेमका दुवा तोडणारी नवी जैविक औषधं १९९८ पासून यायला लागली.

१९८८ मध्ये मी शाळेत होते. माझ्या आधीच्या पिढीत हा आजार झालेल्या बाईकडे पर्याय किती कमी होते, याचा विचार आला की मी गोळी हातात घेऊन क्षणभर थांबते. बुधवारी दिवसभर मळमळतं, तोंड येतं, दर काही आठवड्यांनी यकृत आणि रक्तपेशींची तपासणी करावी लागते. हे सगळं डाव्या पानावर आहे. पण त्या एकोणतीस वर्षांच्या बाईनं, काय होईल याची कुणालाच खात्री नसताना दंड पुढे केला. तिच्यानंतर हजारो अनोळखी माणसांनी औषधाच्या चाचण्यांमध्ये आपली दुखरी शरीरं दिली. काहींना त्यात औषधाऐवजी नुसती साधी गोळी मिळाली असेल आणि ती महिनोन्‌महिने दुखतच राहिली असतील. त्यांच्या दुखण्याचा हिशेब कुठल्या तरी तक्त्यात जमा झाला आणि त्यातून माझा मंगळवार तयार झाला. त्यांचे आभार मानायला पत्ता नाही. म्हणून मी गोळी चुकवत नाही. आभार मानण्याची तेवढीच रीत मला सापडली आहे.

*

या आजाराच्या माणसांना रेन्वारची गोष्ट कुणी ना कुणी सांगतंच. पिएर-ऑग्युस्त रेन्वार, फ्रेंच चित्रकार. पन्नाशीच्या सुमाराला त्याला आमवात जडला आणि १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं, त्यानं या हातांनीच चित्रं काढली. बोटं तळहातात वळून गेली होती. शेवटची काही वर्षं तो चाकाच्या खुर्चीत होता.

ही गोष्ट सांगताना लोक म्हणतात, कुंचला हाताला बांधून घ्यायचा तो. जिद्दीचं चित्र म्हणून ते फार प्रभावी दिसतं. पण हातांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असायच्या त्या वळलेल्या बोटांनी तळव्याची कातडी सोलवटू नये म्हणून. कुंचला दुसरं कुणीतरी त्याच्या बोटांमध्ये ठेवायचं. आणि मोठ्या चित्रासाठी कॅनव्हास रुळांवर गुंडाळून पुढे-मागे सरकवण्याची सोय केलेली होती. त्याचा हात जिथवर पोचत नव्हता तिथलं चित्र त्याच्या हातापाशी यायचं.

मला ही खरी गोष्ट दंतकथेपेक्षा खूप जवळची वाटते. दंतकथेत एकटा माणूस आणि त्याची इच्छाशक्ती आहे. खऱ्या गोष्टीत खोलीत आणखी कुणीतरी आहे. कुणीतरी पट्ट्या बदलतंय, कुणीतरी कुंचला देतंय, कुणीतरी रूळ फिरवतंय. मी हे वाचलं आणि फळ्याचा हट्ट सोडला. खांद्याच्या वर हात न्यावा लागणार नाही अशा उंचीवर आता वर्गात पाट्या लावल्या आहेत आणि फळ्यावर मुलं लिहितात. मी बसून सांगते. त्यांची अक्षरं सुधारली आहेत.

याच आजाराची दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. ३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बार्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं. त्या हातांना आधीपासूनच आमवात होता. १९८३ मध्ये त्या हातांमुळेच त्यांना शस्त्रक्रिया करणं थांबवावं लागलं. रेन्वारचा कॅनव्हास सरकवता येत होता. उघडलेली छाती सरकवता येत नाही. मला बार्नार्डांचं ते थांबणं रेन्वारच्या न थांबण्याइतकंच मोलाचं वाटतं. थांबले म्हणून आशा हरली असं आपण का मानतो? आपल्या हातांबद्दल खरं काय आहे ते बघणं आणि समोरच्याचा जीव त्या हातांवर न सोपवणं, यातही आयुष्यावरचा विश्वासच आहे.

मी दोन गोष्टी कायमच्या सोडल्या. शिवणकाम सोडलं. डोंगर चढणं सोडलं. त्यांचं दुःख करायला मी स्वतःला वेळ दिला, आणि अजूनही एखाद्या मंगळवारी उजव्या पानावर त्यांच्याबद्दल लिहिते. ‘तेरा वर्षं डोंगर चढले. वरचा वारा आठवतो.’ गेलेल्या गोष्टीचे आभार मानता येतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते दुःखाला लागूनच असतं, वेगळं काढता येत नाही.

*

आशावाद या शब्दाशी माझं बराच काळ जमलं नाही. मला तो डोळे मिटून चालल्यासारखा वाटायचा. तो बदलला एका जीवाश्मशास्त्रज्ञानं.

स्टीफन जे गूल्ड यांना जुलै १९८२ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा झाल्याचं कळलं. अतिशय विरळ आणि गंभीर कर्करोग. त्यांनी जमेल तेव्हा ग्रंथालय गाठलं. तिथे वाचायला मिळालं, निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने. कुणीही वाचून पुस्तक मिटलं असतं. गूल्ड यांचं आयुष्य आकडेवारीत गेलेलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मध्यक आठ महिने म्हणजे अर्धे लोक आठ महिन्यांच्या आत जातात. मग उरलेले अर्धे?

आलेख डोळ्यांसमोर आणला तर डावीकडे त्याला शून्याची भिंत असते, त्याच्या अलीकडे कुणी जाऊ शकत नाही. उजवीकडे भिंत नसते. तिकडे रेघ बारीक होत होत लांबवर जाते. वय कमी, आजार लवकर लक्षात आलेला, चांगले उपचार उपलब्ध, या सगळ्याचा विचार करून त्यांनी ठरवलं की आपण त्या लांब जाणाऱ्या शेपटीत असण्याची शक्यता बरीच आहे. ते आणखी वीस वर्षं जगले. २००२ मध्ये गेले ते दुसऱ्याच कर्करोगानं.

वीस वर्षं हा भाग त्यांच्या हातात नव्हता. तेही आठ महिन्यांत जाऊ शकले असते, आणि तरीही त्यांचा हिशेब चुकीचा ठरला नसता. मला भिडलं ते वेगळंच. त्यांनी आकडा नाकारला नाही, त्याला शिव्याही घातल्या नाहीत. तो पूर्ण वाचला, उजव्या टोकापर्यंत. आशावादी माणूस वाईट बातमी कमी वाचतो असं मला वाटायचं. इथे तर ज्यानं सगळ्यात जास्त वाचली त्यालाच आशा सापडली. तोवर दोन वर्षं मी वहीच्या दोन पानांवर जे करत होते त्याला पहिल्यांदाच एक आकार दिसला.

तरी गेल्या पावसाळ्यात पाच महिने उजवं पान कोरं होतं. औषध चालेनासं झालं होतं. सगळे सांधे एकदम भडकले. डाव्या पानावर रोज आठ, नऊ, एकदा दहा. कूस बदलायलाही कुणीतरी लागायचं. त्या काळातल्या मंगळवारी मी वही उघडायचे, उजव्या पानाकडे बघायचे आणि मिटायचे. खोटं लिहायचं नाही एवढा एकच नियम होता. एका रात्री नवरा म्हणाला, ‘अगं, काहीच सुचत नसेल तर तेच लिही ना.’ मी लिहिलं, ‘आज काही नाही.’ त्याखाली पुढच्या आठवड्यात, ‘आजही नाही.’ ती पानं उलटताना आता वाटतं, त्या कोऱ्या जागांनीच बाकीच्या ओळींना खरेपणा दिला. सगळीच पानं भरलेली असती तर माझा माझ्यावर विश्वास बसला नसता.

पुढे औषधांत बदल झाला. आता महिन्यातून दोनदा इंजेक्शनही असतं. आखडलेपण पंचवीस मिनिटांवर आलं.

*

नव्या औषधाचा उपयोग किती होतो ते पाहायला डॉक्टरांनी एक प्रश्नावली भरायला दिली. ती १९८० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली आणि जगभर वापरली जाते. साधे प्रश्न असतात. कपडे घालता येतात का, बुटांच्या नाड्या, अंगरख्याची बटणं. नळ सोडता-बंद करता येतो का. प्रत्येकाला चार उत्तरं, ‘काही त्रास न होता’पासून ‘मुळीच नाही’पर्यंत.

वाचत वाचत एका प्रश्नापाशी आले आणि पेन थांबलं. आधी उघडलेल्या बरण्या उघडता येतात का?

आधी उघडलेल्या. ज्यानं हा प्रश्न लिहिला त्यानं आमच्यासारख्या हातांकडे किती वेळ, किती जवळून पाहिलं असेल. घट्ट झाकण आणि एकदा सैल केलेलं झाकण यांतला फरक कळायला घरात एकतर असे हात असावे लागतात, नाहीतर एक नऊ वर्षांची मुलगी.

खाली आणखी एक जागा होती. यांपैकी कुठल्या कामांत दुसऱ्या माणसाची मदत लागते? ‘पकडणं आणि उघडणं’ या चौकटीत मी खूण केली. डॉक्टरांनी बेरीज करताना त्या गटाचा आकडा वाढवून दोन केला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘नियमच आहे तो. स्वतः जमत असलं तरी मदत घेत असाल तर अपंगत्व जास्त धरतात.’ नियम बरोबरच आहे. त्यांना सांध्यांचं मोजमाप हवं आहे, आणि मदत लागणं हे सांध्यांच्या खात्यात खर्चाकडेच पडणार. मी मान हलवली. पण वही माझ्या मांडीवर होती आणि त्यात तीच मदत सहा वर्षं दुसऱ्या पानावर जमेला लिहिलेली होती.

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे वही मागितली. डावी पानं चाळता चाळता त्यांची नजर पहिल्यांदाच उजवीकडे गेली. काही न बोलता त्यांनी तीन-चार पानं वाचली. बाहेर रुग्ण थांबले होते. ‘हे थांबवू नका’, एवढंच म्हणाल्या आणि वही परत दिली.

मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. उशिरापर्यंत अभ्यास करते, झोपायच्या आधी घरात एक फेरी मारते. आत पडल्या पडल्या मला तिची पावलं ऐकू येतात, मग स्वयंपाकघरातला दिवा, मग झाकणाचा बारीकसा आवाज. गेल्या काही महिन्यांत बऱ्याच सकाळी मला घट्ट झाकणही उघडता येतं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.